काट्यानं काटा : एवाग्रियसच्या मोहांचा कागदोपत्री माग

वाळवंटातल्या तपस्व्यांच्या वचनांचा एक जुना ग्रीक संग्रह आहे. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास तो आकाराला आला. त्यात माणसं नावाच्या आद्याक्षराप्रमाणे लावलेली आहेत. पहिल्याच अक्षराखाली अँथनी येतो, इजिप्तच्या वाळवंटातल्या साऱ्या तपस्व्यांचा आद्यपुरुष. त्याच्या नावावरच्या पाचव्या वचनाचा आशय असा, की मोहाच्या कसोटीतून न गेलेल्याला स्वर्गराज्यात पाऊल ठेवता येणार नाही, कारण मोहच काढून घेतले तर तारण कोणाचंच होणार नाही. काही पानं उलटली की एवाग्रियस येतो. त्याच्याही नावावरचं पाचवं वचन पाहावं, तर ते अँथनीच्या वचनाचाच उत्तरार्ध निघतं. ग्रीक शब्दसुद्धा तेच.

एका वाक्याचे दोन धनी. अशा वेळी नकलाकारावर खापर फोडून मोकळं होणं सोपं असतं. पण एवाग्रियसच्या हातची कागदपत्रं आणि त्याच्याबद्दलची इतरांची साक्ष एकत्र ठेवली, तर हे वाक्य त्याच्या तोंडी का बसलं याचा बराच उलगडा होतो. त्यासोबत आणखी एक गोष्ट दिसते. एवाग्रियस म्हटलं की सगळ्यांना आठवते ती एका विवाहित स्त्रीच्या मोहाची कथा, आणि माझ्या मते त्याचा मुख्य मोह तो नव्हताच.

आधी शब्दाबद्दल थोडं. मुळात ‘पेइरास्मोस’ हा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ मोहही होतो आणि परीक्षाही. मराठी भाषांतरकाराला दोहोंपैकी एक निवडावा लागतो. प्रभूच्या प्रार्थनेच्या मराठी पाठांत कुठे ‘परीक्षा’ दिसते, कुठे ‘मोह’, ते यामुळेच. ग्रीक वाचणाऱ्या तपस्व्याला मात्र निवड करावी लागत नव्हती. त्याला मोह टाळायचा होता आणि परीक्षेला बसायचंही होतं, आणि दोन्हीसाठी शब्द एकच होता.

एवाग्रियसचा जन्म ३४५च्या सुमारास काळ्या समुद्राजवळच्या पोंतस प्रांतातल्या इबोरा गावी झाला. वडील ग्रामीण भागाचे धर्माध्यक्ष होते. थोर धर्माध्यक्ष बासिलनं त्याला वाचकपद दिलं आणि नाझियान्झसच्या ग्रेगरीनं डीकन केलं. या ग्रेगरीचं ३८१ सालचं मृत्युपत्र आज उपलब्ध आहे. त्यात एवाग्रियस नावाच्या डीकनला एक सदरा, एक अंगरखा, दोन झगे आणि ३० सोन्याची नाणी ठेवलेली आहेत. आपल्यासोबत त्यानं पुष्कळ कष्ट घेतले आणि आपल्या विचारांत तो भागीदार होता, असं कारणही नोंदलं आहे. हा डीकन आपलाच एवाग्रियस, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तपस्व्याच्या चरित्राची सुरुवात कपड्यांच्या यादीनं व्हावी हे गमतीचं आहे, पण ती यादी लक्षात ठेवावी. कपडे पुढे पुन्हा येणार आहेत.

पुढची हकीकत पॅलाडियसची. हा कोणी ऐकीव गोष्टी लिहिणारा नव्हे. ३९०च्या सुमारास तो इजिप्तमधल्या केलियाच्या वाळवंटात आला आणि एवाग्रियसचा शिष्य म्हणून अनेक वर्षं त्याच्याजवळ राहिला. गुरूच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी, म्हणजे ४१९-४२०मध्ये, राजवाड्यातला अधिकारी लौसस याच्यासाठी त्यानं तपस्व्यांची चरित्रं लिहिली. साक्षीदार जवळचा आहे, पण शिष्य आहे आणि उशिरा लिहितो आहे. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून वाचायला हवं.

तो सांगतो : ३८१च्या धर्मपरिषदेनंतर ग्रेगरीनं कॉन्स्टँटिनोपल सोडलं आणि एवाग्रियसला नव्या धर्माध्यक्षाकडे, नेक्टारियसकडे ठेवलं. पाखंड मानल्या गेलेल्या मतांविरुद्धच्या वादात हा तरुण डीकन तरबेज होता आणि शहरभर त्याचं नाव झालं होतं. त्याच काळात एका उच्चकुलीन स्त्रीवर त्याचं मन जडलं. तिचा नवरा वरिष्ठ अधिकारी होता. एवाग्रियसनं मागे फिरायचं ठरवलं, तोवर तीच मागे लागली होती. इथे पॅलाडियस एक तपशील देतो, आणि सगळी मेख त्यातच आहे. एवाग्रियसला धाक होता तो बोभाट्याचा. हे उघडं पडलं तर ज्यांना त्यानं वादात लोळवलं होतं ते प्रतिपक्षी टाळ्या पिटतील, ही कल्पना त्याला सोसवत नव्हती.

मग एक दृष्टान्त. शिपायांच्या रूपातले देवदूत त्याला धरून नेतात, गळ्यात लोखंडी कडं आणि हाताला साखळदंड घालून कोठडीत टाकतात. त्याला वाटतं, नवऱ्यानंच फिर्याद केली. तेवढ्यात एक मित्र भेटायला येतो. तोही देवदूतच. शहर सोड, तुझं इथे राहणं बरं नाही, असं तो सांगतो आणि शुभवर्तमानाच्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो. जाग आल्यावर एवाग्रियस मनाशी म्हणतो, शपथ स्वप्नात घेतली असली तरी घेतली ती घेतलीच. सामान जहाजावर चढवून तो यरुशलेमकडे निघतो.

दृष्टान्ताची सत्यता तपासणं हे इतिहासकाराचं काम नव्हे. हा प्रसंग एवाग्रियसनं शिष्यांना सांगितला असावा, एवढं मात्र संभवनीय वाटतं. ‘शपथ स्वप्नातली की जागेपणीची’ ही काथ्याकूट बाहेरच्या माणसाला सुचेलशी नाही.

यरुशलेममध्ये जैतुनाच्या डोंगरावर मेलानिया या रोमन उमराव विधवेचा मठ होता. तिनं त्याला आसरा दिला. आता खरं तर गोष्ट संपायला हवी होती. स्त्री दूर राहिली, समुद्र ओलांडला, पवित्र नगरी आली. पण पॅलाडियसच्या मते फारोसारखं त्याचं मन पुन्हा कठीण झालं. तो घुटमळू लागला, पुन्हा कपडे बदलू लागला, आणि आपल्या बोलण्याच्या लकबीवर आपणच भाळू लागला. मग सहा महिने ताप. वैद्यांनी हात टेकले. मेलानियानं त्याच्याजवळ बसून काय ते खरं सांग म्हटलं, तेव्हा त्यानं सगळं ओकलं. संन्यस्त जीवन घेईन असा शब्द दिला, आणि काही दिवसांत तो बरा झाला.

या दुसऱ्या संकटात स्त्री कुठेच नाही. आहेत ते कपडे आणि वक्तृत्व. राजधानीत लौकिक मिळवलेल्या माणसाला लौकिकाविना राहवेना. कथेतला हा भाग लोक सहसा वगळतात, कारण तो रंगतदार नाही. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

इजिप्तमध्ये आल्यावर नित्रिया इथे दोन वर्षं आणि मग केलियामध्ये १४ वर्षं, असा हिशेब पॅलाडियस देतो. केलिया म्हणजे ‘कोठड्या’. परंपरा अशी, की अँथनी आणि नित्रियाचा संस्थापक आमून दुपारचं जेवण करून वाळवंटात चालत निघाले आणि सूर्य मावळला तिथे त्यांनी क्रूस रोवला, नित्रियापासून १२ मैलांवर. भेटायला येणाऱ्या बंधूंनीही जेवून निघावं आणि दिवस मावळायच्या आत पोचावं, एवढं ते अंतर. म्हणजे एवाग्रियस जिथे राहिला ती जागा अँथनीनं आखलेली मानली जात होती. एका वाक्याचे दोन धनी होण्यामागचा हा एक धागा.

केलियाची जागा १९६४मध्ये फ्रेंच विद्वान आंत्वान गीयोमों यांनी नक्की केली. नंतर फ्रेंच आणि स्विस पथकांनी उत्खननं केली आणि शेकडो मठी उजेडात आल्या, कुंपणाच्या भिंती, प्रार्थनेच्या खोल्या आणि विहिरींसह. यातलं बहुतेक बांधकाम एवाग्रियसच्या नंतरच्या शतकांतलं. त्यामुळे ही त्याची खोली, असं बोट दाखवता येत नाही. पण विहिरी होत्या, आणि पॅलाडियसच्या हकीकतीत एक विहीर आहेच. कामविकार फार छळू लागला तेव्हा भर हिवाळ्यात एवाग्रियस रात्रभर विहिरीत उघडा उभा राहिला. मांस गोठून जाईपर्यंत.

त्याचा आहार दिवसाला एक रत्तल भाकर, आणि थोडंसं तेल तीन-तीन महिने पुरवायचं. रोज शंभर प्रार्थना. पोटापाण्यासाठी तो पोथ्यांच्या नकला करी, आणि त्याचं अक्षर सुबक होतं. या लेखनिकानं स्वतःचे ग्रंथही लिहिले, आणि इथून साक्ष दुसऱ्याची न राहता त्याची स्वतःची होते.

‘प्राक्टिकोस’ हे शंभर छोट्या परिच्छेदांचं पुस्तक ग्रीकमध्ये टिकलं आहे. त्यात त्यानं आठ मूळ ‘विचार’ सांगितले : खादाडपणा, काम, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, ग्रीकमध्ये ज्याला ‘अकेदिया’ म्हणतात ती उबग, कीर्तीची हाव आणि गर्व. आपल्याला षड्रिपू माहीत, त्यामुळे तुलना अटळ आहे. या यादीत मत्सर नाही. उलट आपल्या सहांत खिन्नतेला आणि उबगीला जागा नाही. एकट्यानं खोलीत बसणाऱ्या माणसानं ही यादी केली आहे हे त्यावरून कळतं. मत्सराला शेजारी लागतो, उबगीला काहीच लागत नाही.

यादी देऊन तो लगेच एक भेद करतो. हे विचार मनाला त्रास देणार की नाही, हे आपल्या हाती नाही. ते तिथे रेंगाळणार की नाही, विकाराला चेतवणार की नाही, हे आपल्या हाती आहे. मोह येणं म्हणजे पाप नव्हे. त्याला बसायला पाट द्यायचा की नाही, तिथून आपली जबाबदारी सुरू होते.

आणि हे विचार येतात कसे याचं त्याचं निरीक्षण थक्क करणारं आहे. खादाडपणा ताट दाखवत नाही. तो पोटाची, यकृताची, पाणथरीची काळजी दाखवतो. लांबणारं आजारपण आणि जवळपास वैद्य नसणं यांची आठवण करून देतो. द्रव्यलोभ सोनं दाखवत नाही. म्हातारपण, काम न करू शकणारे हात, पुढचे दुष्काळ, लोकांपुढे हात पसरण्याची लाज हे सगळं दाखवतो. म्हणजे मोह येतो तो शहाणपणाचा सदरा घालून. उबगीचं वर्णन तर दिवसाच्या घटकांवार आहे. सकाळी दहाच्या सुमारास ती येते आणि दुपारी दोनपर्यंत बसून राहते. सूर्य हलेनासा वाटतो, दिवस ५० तासांचा होतो. नजर सारखी दाराखिडकीकडे जाते, जेवणाची वेळ झाली का हे पाहायला आणि कोणी भेटायला येतंय का हेही. मग वाटतं, इथल्या बंधूंत प्रेम उरलेलं नाही. दुसरीकडे काम हलकं मिळेल, आणि देव काय कुठेही भजता येतो. स्तोत्रसंहितेतल्या एका उल्लेखावरून त्यानं हिला दुपारचं भूत म्हटलं. कचेरीत ज्यांनी दुपार काढली आहे त्यांना टीप द्यायची गरज नाही.

हे सगळं इतकं नेमकं का? कारण त्याच्या मते साधकानं विचारांवर पाळत ठेवायची असते. कोणता केव्हा जोर करतो, केव्हा ओसरतो, कोणाच्या मागून कोण येतो. जो मोह आलाच नाही त्याची नोंद कशी करणार? तारणासाठी मोह हवेत, या वाक्याला वाळवंटात मिळालेला हा व्यावहारिक अर्थ. त्याच संग्रहात ठेंगू योहानाची गोष्ट आहे. त्यानं विकार काढून घे म्हणून देवाकडे मागितलं, आणि ते गेलेही. आता मला कसलाच झगडा उरला नाही, असं त्यानं एका वडीलधाऱ्याला सांगितलं. वडीलधाऱ्यानं त्याला परत पाठवलं : जा, झगडा परत माग. जीव पुढे सरकतो तो झगड्यानंच.

आता ‘प्राक्टिकोस’चा ५८वा परिच्छेद. कीर्तीची हाव आणि कामविकार एकाच वेळी येऊ शकत नाहीत, असं एवाग्रियस तिथे म्हणतो. एक मानाचं आमिष दाखवतो, दुसरा बेअब्रूकडे नेतो. तेव्हा एक अंगावर आला तर दुसऱ्याचा विचार मनात उभा करावा. ग्रीक म्हण आहे खिळ्यानं खिळा काढण्याची. आपण काटा म्हणतो.

हा परिच्छेद आणि पॅलाडियसची राजधानीतली हकीकत शेजारी ठेवा. त्या स्त्रीपासून डीकनला मागे ओढलं ते अब्रूच्या भीतीनं. प्रतिपक्षी हसतील, या विचारानं. म्हणजे त्यानं काटा काढला तो काट्यानंच, आणि यरुशलेममध्ये हा दुसरा काटा पायात तसाच राहिलेला दिसतो. एवाग्रियसनं त्या स्त्रीबद्दल स्वतःच्या ग्रंथांत कुठे असं सांगितलेलं नाही, तेव्हा हा माझा तर्क. पण दोन वेगवेगळे कागद इतके एकमेकांत बसतात, तेव्हा तो हलकाही नाही.

दुसरा काटा निघाला का? तीन साक्षी आहेत. पहिली त्याची स्वतःची. कीर्तीची हाव तपस्व्याला काय काय दाखवते हे तो लिहितो : आपण बऱ्या केलेल्या स्त्रिया, झग्याला हात लावायला धडपडणारी गर्दी, आणि दाराशी आलेले लोक, जे नको नको म्हणत असतानाही त्याला बांधून धर्मगुरुपदाकडे ओढत नेतात. अन्यत्र तो म्हणतो, या हावेपासून सुटका कठीण, कारण ती घालवायला जे करावं त्यातूनच ती नव्यानं उगवते.

दुसरी साक्ष वचनसंग्रहाची. केलियात एका विषयावर सभा भरली होती आणि एवाग्रियस बोलला. तिथल्या धर्मगुरूनं सुनावलं : बाबा, तुम्ही आपल्या देशात असता तर एव्हाना धर्माध्यक्ष झाला असता, पुष्कळांचे पुढारी झाला असता, इथे तुम्ही परके आहात. घाव बरोबर त्याच जागी होता. एवाग्रियसनं मान खाली घातली आणि ईयोबाच्या शब्दांचा आधार घेऊन, यापुढे बोलणार नाही, एवढंच म्हटलं.

तिसरी साक्ष पाचव्या शतकातल्या इतिहासकार सॉक्रेटिसची. अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष थिओफिलस एवाग्रियसला धर्माध्यक्षपद देणार होता, तेव्हा तो निसटला. अमोनियस नावाच्या तपस्व्यानं असंच पद चुकवण्यासाठी स्वतःचा कान कापून घेतला होता. एवाग्रियसनं त्याची थट्टा केली, की कान कापणं हा देवाचा अपराध झाला. अमोनियस उलटला : आणि तू जीभ कापलीस त्याचं काय? देवानं दिलेलं वक्तृत्व स्वतःवरच्या प्रेमापायी वापरलं नाहीस, याचा जाब तुला नाही का द्यावा लागणार? मान नाकारण्यातही मान असतो, हे एवाग्रियसला ग्रंथातून ठाऊक होतं. आता ते त्याला तोंडावर ऐकावं लागलं.

३९९ साली ख्रिस्तप्रकटीकरणाच्या सणाला चर्चमध्ये पवित्र कम्युनियन घेऊन तो वारला. वय ५४. पुढच्याच वर्षी थिओफिलसनं ओरिगेन या जुन्या, वादग्रस्त धर्मपंडिताच्या अनुयायांविरुद्ध मोहीम उघडली, एवाग्रियस त्यांच्यातलाच मानला जाई, आणि तपस्व्यांना वाळवंटातून पळवून लावलं. धर्मपंडित जेरोमनं नंतर एका पत्रात एवाग्रियसच्या विकारशून्यतेच्या शिकवणीवर हल्ला चढवला : विकारशून्य माणूस म्हणजे एकतर दगड, नाहीतर देव. ५५३च्या परिषदेच्या वेळी ओरिगेनच्या मतांबरोबर एवाग्रियसचंही नाव निषेधात ओढलं गेलं.

मग ग्रंथ वाचले कसे? ग्रीक मठवाशांनी प्रार्थनेवरचं त्याचं पुस्तक सोडलं नाही, फक्त वर नाव घातलं नीलस या दुसऱ्या तपस्व्याचं. ते मूळ धन्याकडे परत आलं १९३४मध्ये, जेझुइट विद्वान इरेने ओशेर यांच्या अभ्यासामुळे. मोहांना पवित्र शास्त्रातल्या वचनांनी उत्तर देणारा ‘अँतिऱ्हेतिकोस’ हा मोठा ग्रंथ ग्रीकमध्ये हरवला, पण सिरियाक आणि आर्मेनियन भाषांतरांत राहिला. आठ भाग, जवळजवळ पाचशे नोंदी. प्रत्येक नोंदीत आधी मोहाचा विचार, मग त्याच्या तोंडावर मारायचं वचन. (आपल्याकडे फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची १६१६ची छापील प्रत राहिली नाही आणि काव्य हस्तलिखितांमुळे टिकलं. ग्रंथांच्या नशिबात आडवाटाच लिहिलेल्या असतात.) पश्चिमेत योहान कासियन या मठवासी लेखकानं आठही दोष लॅटिनमध्ये नेले, गुरूचं नाव मात्र एकदाही घेतलं नाही. दीडशेहून अधिक वर्षांनी पोप ग्रेगरीनं गर्वाला मूळ ठरवून बाकीचे सात केले, उबग खिन्नतेत मिसळली आणि मत्सराला आत घेतलं. जग ओळखतं ती सात महापापं या खटाटोपातून निघाली.

वचनसंग्रहाच्या नकलाकारांनी मात्र एवाग्रियसच्या नावाची सात वचनं तशीच ठेवली. राहता राहिलं पाचवं. ‘प्राक्टिकोस’च्या शेवटी एवाग्रियसनं वडीलधाऱ्यांची वचनं गोळा केली आहेत आणि त्यांत अँथनी आहे. तेव्हा वाक्य अँथनीचं, आणि ते घोकून घोकून आपलंसं केलं एवाग्रियसनं, हा निवाडा मला सर्वांत सरळ वाटतो.

पॅलाडियसनं गुरूचे अखेरचे म्हणून जे शब्द नोंदले, त्यांचा आशय असा : हे तिसरं वर्ष, देहाच्या वासनेनं मला छळलेलं नाही. शिष्यानं ते विजयाची ग्वाही म्हणून लिहिलं. पण ‘प्राक्टिकोस’चा ३६वा परिच्छेद काढून पाहा. देहाच्या विकारांची भुतं लवकर पाठ सोडतात, असं तिथे म्हटलं आहे, आणि मनाच्या विकारांची मरेपर्यंत सोडत नाहीत. मरणाऱ्या एवाग्रियसनं हिशेब दिला तो फक्त देहाचा. कीर्तीबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.